रोमची टोळी आणि काशीचे टोळीयुद्ध : मैत्री, ठेकेदारी आणि साक्षीदारांचे मौन

वाराणसी : रोम शहरातील काही तरुण मित्र एकत्र येतात, एका श्रीमंताचे अपहरण करून मोठी खंडणी मिळवतात आणि त्या पैशाची उधळपट्टी न करता तो पुढच्या धंद्यात गुंतवतात. काही वर्षांतच शहरातील अमली पदार्थांचा व्यापार त्यांच्या हाती येतो. पुढे तेच मित्र एकमेकांचे प्राण घेतात. ‘रोमान्झो क्रिमिनाले’ या इटालियन गुन्हेगारी नाट्याचे कथानक थोडक्यात असे आहे. ते पाहताना पूर्व उत्तर प्रदेशातील प्रेक्षकाला वारंवार आपल्या भागाची आठवण व्हावी, इतके साम्य वाराणसी आणि गाझीपूरच्या गेल्या चाळीस वर्षांच्या इतिहासात सापडते. मात्र या साम्याला मर्यादा आहेत, आणि दोन्ही ठिकाणी कायद्याने जे केले किंवा केले नाही त्यातला फरक अधिक बोलका आहे.

‘रोमान्झो क्रिमिनाले’ ही मूळ कादंबरी. व्यवसायाने न्यायाधीश असलेल्या जानकार्लो दे कताल्दो यांनी ती लिहिली आणि २००२ मध्ये ती प्रसिद्ध झाली. तिच्यावर मिकेले प्लाचिदो यांनी २००५ मध्ये चित्रपट केला. २००८ ते २०१० या काळात स्टेफानो सोल्लिमा यांच्या दिग्दर्शनाखाली दोन पर्वांची दूरचित्रवाणी मालिका आली. कादंबरीतील लिबानीज, फ्रेद्दो आणि दांदी ही पात्रे काल्पनिक म्हणून उभी केलेली असली, तरी त्यांच्यामागे खरी माणसे आहेत, हे इटलीत कोणापासून लपलेले नाही. १९७७ च्या सुमारास रोमच्या नैर्ऋत्येकडील माल्याना वस्तीच्या नावाने ओळखली जाऊ लागलेली ‘बांदा देल्ला माल्याना’ ही ती टोळी. फ्रांको जुझेप्पुच्ची, माऊरिझियो अब्बातिनो आणि एन्रिको दे पेदिस हे तिचे प्रमुख.

नोव्हेंबर १९७७ मध्ये या टोळीने ड्यूक मास्सिमिलियानो ग्राझिओली यांचे अपहरण केले. कुटुंबाने खंडणी भरली, तरीही ड्यूक परतले नाहीत. टोळीचा एक नियम त्या काळात प्रसिद्ध झाला होता : मिळकतीचा वाटा सर्वांना सारखा, मग साथीदार बाहेर असो वा तुरुंगात. जोवर हा नियम पाळला गेला, तोवर टोळी टिकली. सप्टेंबर १९८० मध्ये जुझेप्पुच्चीचा रोमच्या त्रास्तेवेरे भागात खून झाला आणि त्यानंतरच्या सूडसत्रात टोळीचा तोल गेला. दे पेदिस आपला पैसा जमीनजुमला आणि प्रतिष्ठित व्यवसायांत वळवू लागला. तुरुंगातल्या जुन्या सोबत्यांना वाटा देणे त्याला परवडेनासे झाले, म्हणण्यापेक्षा आवडेनासे झाले. फेब्रुवारी १९९० मध्ये भर दिवसा, काम्पो दे’ फियोरी या प्रसिद्ध चौकाजवळच्या रस्त्यावर त्याला गोळ्या घालण्यात आल्या. मैत्रीचा शेवट भावनिक दुराव्याने नव्हे, तर हिशेबाच्या वहीवरून झाला, ही बाब नाट्यरूपातही फारशी लपवलेली नाही.

पूर्वांचलातील ठेकेदारी

वाराणसी, गाझीपूर, मऊ, जौनपूर आणि चंदौली या पट्ट्यात संघटित गुन्हेगारीची सुरुवात अमली पदार्थांपासून झाली नाही. तिचे मूळ सरकारी निविदांत आहे. १९७० च्या दशकापासून या मागास भागात रस्ते, पूल, कालवे आणि रेल्वेची कामे मोठ्या प्रमाणावर निघू लागली. वाराणसीपासून जवळच असलेले मुगलसराय हे आशियातील सर्वांत मोठ्या रेल्वे यार्डांपैकी एक. २०१८ मध्ये या स्थानकाला पंडित दीनदयाळ उपाध्याय यांचे नाव देण्यात आले. त्याला लागूनच चंदासीची कोळसा मंडी आहे. झारखंडच्या खाणींतील कोळसा येथे उतरतो आणि उत्तर भारतातील वीटभट्ट्यांपर्यंत जातो. रेल्वेचे भंगार, कोळसा, वाळू, दारूची दुकाने आणि सार्वजनिक बांधकामाचे ठेके : पूर्वांचलातील जवळजवळ प्रत्येक टोळीचा हिशेब या पाच खात्यांत मांडता येतो.

ठेका बळकावण्याची पद्धत साधी होती. निविदा बंद लिफाफ्यात, कार्यालयात ठेवलेल्या पेटीत टाकायच्या असत. ज्या दिवशी पेटी उघडायची, त्या दिवशी कार्यालयाबाहेर शस्त्रधारी तरुणांच्या गाड्या उभ्या राहत. ठरलेल्या माणसाखेरीज कोणी आत जाऊ शकत नसे. गेलाच, तर त्याचा लिफाफा पेटीपर्यंत पोहोचत नसे. स्पर्धा नसल्याने दर वाढवून भरता येत आणि वाढीव रकमेतून टोळी, अधिकारी आणि राजकीय आश्रयदाते यांचे हिस्से निघत. जो ठेकेदार टोळीचा नसेल, त्याला कामाच्या रकमेतला काही भाग द्यावा लागे. स्थानिक बोलीत त्याला ‘गुंडा टॅक्स’ म्हणत. महाराष्ट्रातील वाचकाला खंडणी हा शब्द परिचित आहे. पण खंडणीत देणारा आणि घेणारा असे दोनच पक्ष असतात. येथे तिसरा पक्ष सरकारी तिजोरी होता आणि खरे पैसे तिचेच जात होते. रस्ता खचला, कालवा फुटला, तरी तक्रार कोणाकडे करायची हे गावकऱ्यांना ठाऊक असे, आणि म्हणूनच ती केली जात नसे.

या धंद्याला बंदूक चालवणारी मुले हवी होती. ती गावांतल्या भाऊबंदकीने पुरवली.

मित्र आणि वैरी

गाझीपूर जिल्ह्यातील सैदपूर भागात जमिनीच्या एका तुकड्यावरून १९८० च्या दशकात दोन गट आमनेसामने आले. एका बाजूला मखनू सिंह आणि साधू सिंह, दुसऱ्या बाजूला साहिब सिंह. पहिल्या गटात मुख्तार अन्सारी सामील झाला. दुसऱ्या गटात वाराणसी जिल्ह्यातील धौरहरा गावचा ब्रिजेश सिंह आणि सैदपूर भागातील मुडियारचा त्रिभुवन सिंह. एका शेतजमिनीच्या वादातून पुढे दोन दशके चाललेले युद्ध उभे राहिले, असे सांगितले तर अतिशयोक्ती वाटेल. पण पोलीस आणि न्यायालयांपुढे आलेल्या प्रकरणांचा क्रम तेच दाखवतो.

ब्रिजेश सिंहची कथा या भागात ज्या प्रकारे सांगितली जाते, ती एखाद्या पटकथेला शोभेल अशी आहे. इंटरमिजिएट परीक्षेत चांगले गुण मिळवून तो वाराणसीत विज्ञान शाखेत शिकू लागला होता. ऑगस्ट १९८४ मध्ये त्याच्या वडिलांची गावातील वैरातून हत्या झाली. पुढच्या वर्षी त्या हत्येतील एका संशयिताचा खून झाला आणि त्यात ब्रिजेशचे नाव आले. तुरुंगात त्याची त्रिभुवन सिंहशी ओळख झाली आणि या दोघांची जोडी जमली, असे म्हटले जाते. त्रिभुवनचा पोलीस दलात असलेला भाऊ १९८८ मध्ये वाराणसीत मारला गेला, तेव्हा साधू सिंह आणि मुख्तार अन्सारी यांच्यावर आरोप झाला. येथून पुढे दोन्ही बाजूंना मैत्री आणि सूड या गोष्टी एकमेकींपासून वेगळ्या काढता येत नाहीत.

रोमच्या टोळीशी तुलना करताना हा फरक लक्षात घ्यावा लागतो. माल्यानाचे तरुण पैशासाठी एकत्र आले आणि पैशावरून फुटले. पूर्वांचलात जात, गाव आणि रक्ताचे नाते आधी होते. पैसा नंतर आला. म्हणूनच कदाचित येथे गटाच्या आत फूट कमी पडली आणि गटांमधले वैर मात्र पुढच्या पिढीपर्यंत पोहोचले.

मुख्तार अन्सारीची पार्श्वभूमी तर याहून वेगळी. त्याचे आजोबा डॉ. मुख्तार अहमद अन्सारी हे १९२७ च्या मद्रास अधिवेशनात काँग्रेसचे अध्यक्ष होते. अशा घराण्यातील मुलगा जमिनीच्या वादातील एका टोळीत का गेला, याचे सोपे उत्तर नाही. गरिबीतून गुन्हेगारी हे चित्रपटांचे आवडते सूत्र त्याला लागू पडत नाही, एवढे मात्र खरे.

एप्रिल १९८६ मध्ये तेव्हाच्या वाराणसी आणि आताच्या चंदौली जिल्ह्यातील सिकरौरा गावात एका रात्रीत ग्रामप्रधानासह एकाच कुटुंबातील सात जण मारले गेले. त्यांत चार मुले होती. ३ ऑगस्ट १९९१ रोजी वाराणसीच्या गजबजलेल्या लहुराबीर भागात अवधेश राय यांना त्यांच्या घरासमोर गोळ्या घालण्यात आल्या. त्यांचे बंधू आणि आता उत्तर प्रदेश काँग्रेसचे अध्यक्ष असलेले अजय राय हे या घटनेचे प्रत्यक्षदर्शी आणि फिर्यादी. पोलीस ठाणे हाकेच्या अंतरावर होते.

काशीहून मुंबईला

मराठी माणसाचे काशीशी नाते जुने आहे. विश्वनाथाचे आजचे मंदिर अहिल्याबाई होळकर यांनी अठराव्या शतकात उभारले. शिंदे आणि भोसले यांच्या नावांचे घाट आजही गंगेकाठी आहेत. महाराष्ट्रातून यात्रेकरूंना घेऊन येणाऱ्या गाड्या आजही भरून येतात. त्याच लोहमार्गाने उलट दिशेने पूर्वांचलातील हजारो तरुण पोटासाठी मुंबईला गेले. बहुतेकांनी दूध, टॅक्सी, गिरणी आणि गोदीत कष्ट केले. काही मोजके मात्र दुसऱ्या वाटेने गेले. त्यांतला एक वाराणसी जिल्ह्यातील सुभाषसिंह ठाकूर.

मुंबईत तेव्हा गिरणगावातल्या मित्रांची एक वेगळी टोळी नावारूपाला आली होती. बाबू रेशीम, रमा नाईक आणि अरुण गवळी यांच्या नावांच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून तिला ‘बीआरए’ म्हणत. ‘रोमान्झो क्रिमिनाले’शी सर्वांत जवळचे मराठी उदाहरण शोधायचे, तर ते भायखळा आणि सातरस्त्याच्या या परिसरात सापडेल. बाबू रेशीम १९८७ मध्ये पोलीस कोठडीतच मारला गेला, रमा नाईक पुढच्या वर्षी पोलिसांच्या गोळीबारात. उरलेल्या गवळीचे दाऊद इब्राहिमच्या टोळीशी वैर पेटले. २६ जुलै १९९२ रोजी नागपाड्यात दाऊदचा मेहुणा इब्राहिम पारकर याची हत्या झाली.

सूड १२ सप्टेंबर १९९२ रोजी पहाटे उगवला गेला. सर जे. जे. रुग्णालयात उपचार घेत असलेला गवळी टोळीचा शैलेश हळदणकर याला वॉर्डात शिरून ठार करण्यात आले. पहाऱ्यावरील दोन पोलीसही मरण पावले. रुग्णालयाच्या आत स्वयंचलित शस्त्रांनी झालेल्या या हल्ल्याने मुंबई हादरली. तपासाचा माग पूर्वांचलापर्यंत गेला. सुभाषसिंह ठाकूरला टाडा न्यायालयाने दोषी ठरवले आणि त्याला जन्मठेप भोगावी लागली. ब्रिजेश सिंहवरही आरोप ठेवण्यात आला होता; तो अनेक वर्षे फरार होता. अटकेनंतर मुंबईच्या विशेष न्यायालयाने पुराव्याअभावी त्याची सुटका केली. १९९३ च्या बॉम्बस्फोट मालिकेनंतर दाऊदच्या टोळीत उभी फूट पडली आणि उत्तर भारतीय साथीदारांपैकी अनेक जण तिच्यापासून दूर झाले.

मुंबई आणि वाराणसीचा हा दुवा त्यानंतरही तुटला नाही. जौनपूरचा प्रेमप्रकाश सिंह ऊर्फ मुन्ना बजरंगी याला ऑक्टोबर २००९ मध्ये पोलिसांनी पकडले ते मालाड येथे. जुलै २०१८ मध्ये बागपतच्या तुरुंगात त्याचा गोळ्या घालून खून झाला. तुरुंगात पिस्तूल पोहोचले कसे, हा प्रश्न तेव्हा सर्वांनी विचारला.

लाल दिव्यापर्यंत

माल्याना टोळीचे राजकारणाशी आणि गुप्तचर यंत्रणांशी लागेबांधे असल्याचे आरोप इटलीत अनेकदा झाले. १९८१ मध्ये तिचा शस्त्रसाठा चक्क आरोग्य मंत्रालयाच्या तळघरात सापडला होता. तरी तिच्यातला कोणी खासदार झाला नाही. पूर्वांचलात टोळीप्रमुखांनी आश्रयदात्याची मध्यस्थी अनावश्यक ठरवली आणि स्वतःच निवडणूक लढवली. गोरखपूर भागात हरिशंकर तिवारी यांनी १९८५ मध्ये तुरुंगातून विधानसभा जिंकून हा रस्ता दाखवला होता.

मुख्तार अन्सारी १९९६ पासून सलग पाच वेळा मऊमधून विधानसभेवर निवडून आला. २००९ च्या लोकसभा निवडणुकीत तो तुरुंगातून वाराणसीत उभा राहिला आणि भाजपचे ज्येष्ठ नेते मुरली मनोहर जोशी यांच्याकडून सुमारे १७ हजार मतांनीच हरला. धार्मिक राजधानी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या शहरात इतकी अटीतटीची लढत झाली, हे काशीबाहेरच्या अनेकांना आजही खरे वाटत नाही. मतदारांच्या दृष्टीने मात्र ‘बाहुबली’ हा केवळ भीतीचा शब्द नव्हता. लग्नाला मदत, दवाखान्याचा खर्च, ठाण्यात अडकलेल्या मुलाची सुटका, तहसीलमधील कागद : राज्ययंत्रणा जिथे पोहोचत नसे, तिथे बाहुबलीचा माणूस पोहोचत असे. त्या मदतीची किंमत दुसरे कोणी तरी मोजत होते.

ब्रिजेश सिंहच्या कुटुंबाने विधान परिषदेची वाट निवडली. त्याचा मोठा भाऊ, नंतर पत्नी अन्नपूर्णा सिंह आणि २०१६ मध्ये तुरुंगात असलेला तो स्वतः वाराणसी स्थानिक प्राधिकारी मतदारसंघातून निवडून आले. २०२२ मध्ये अन्नपूर्णा सिंह पुन्हा अपक्ष म्हणून विजयी झाल्या. पंतप्रधानांचा लोकसभा मतदारसंघ ज्या भागात येतो, त्या या जागेवर सत्ताधारी भाजपचा उमेदवार तिसऱ्या क्रमांकावर राहिला. हे कसे घडते, ते समजण्यासाठी या मतदारसंघाची रचना पाहावी लागते. येथे सामान्य नागरिक मतदान करत नाहीत. ग्रामप्रधान, क्षेत्र पंचायत व जिल्हा पंचायतीचे सदस्य आणि नगरसेवक मिळून सुमारे पाच हजार मतदार असतात, आणि तेच लोक गावपातळीवरच्या कामांचे वाटपही करतात. ठेके ज्यांच्या हाती, मतेही त्यांच्याच हाती.

दोन गटांमधील वैर या काळात थांबले नव्हते. १५ जुलै २००१ रोजी गाझीपूरच्या मोहम्मदाबाद भागातील उसरी चट्टी येथे मुख्तारच्या ताफ्यावर हल्ला झाला. तो बचावला, त्याचा अंगरक्षक मारला गेला. ब्रिजेश आणि त्रिभुवन यांच्यावर आरोप झाला. त्यानंतर ब्रिजेश इतका पूर्ण दिसेनासा झाला की तो मेला, असेच अनेकांनी गृहीत धरले. जानेवारी २००८ मध्ये दिल्ली पोलिसांच्या विशेष पथकाने त्याला भुवनेश्वरमध्ये पकडले. तेथे तो वेगळ्या नावाने राहत होता. त्याआधी २९ नोव्हेंबर २००५ रोजी मोहम्मदाबादचे भाजप आमदार कृष्णानंद राय आणि त्यांचे सहा साथीदार एका क्रिकेट स्पर्धेच्या उद्घाटनाहून परतताना मारले गेले. शेकडो गोळ्या झाडण्यात आल्या होत्या. मुख्तार तेव्हा तुरुंगात होता. कट रचल्याचा आरोप त्याच्यावर झाला.

कोण बोलले, कोण गप्प राहिले

रोम आणि काशी यांच्यातील खरा फरक येथे सुरू होतो. माल्याना टोळी पोलिसांच्या गोळीने संपली नाही, ती साक्षीने संपली. टोळीतील काही जण १९८० च्या दशकातच बोलू लागले होते. न्यायालयांनी त्यांच्यावर पुरेसा विश्वास ठेवला नाही आणि त्यांतल्या क्लाउदिओ सिचिलिया याचा १९९१ मध्ये रस्त्यावर खून झाला. त्याच वर्षी इटलीने गुन्ह्याची कबुली देऊन सहकार्य करणाऱ्यांना आणि त्यांच्या कुटुंबीयांना संरक्षण देणारा कायदा केला. क्लिनिकमधून पळून व्हेनेझुएलात गेलेला अब्बातिनो १९९२ मध्ये काराकासमध्ये पकडला गेला. त्याच्या भावाचा दोन वर्षांपूर्वी जुन्या साथीदारांनी छळ करून खून केला होता. इटलीत आणल्यावर तो बोलला. एप्रिल १९९३ मध्ये ‘ऑपरेशन कोलोसियो’ या मोहिमेत टोळीशी संबंधित डझनावारी लोकांना अटक झाली. माल्याना टोळी कायद्याच्या व्याख्येत ‘माफिया’ ठरते की नाही, यावर पुढे वाद झाला. पण तिच्यात काय घडले, याची नोंद तरी न्यायालयाच्या दप्तरात झाली.

भारतीय कायद्यातही माफीच्या साक्षीदाराची तरतूद जुनी आहे. उत्तर प्रदेशात १९८६ पासून गँगस्टर कायदा आहे. महाराष्ट्राने १९९९ मध्ये संघटित गुन्हेगारी नियंत्रण कायदा, म्हणजे मोक्का, आणला. त्यात पोलीस अधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्यापुढे दिलेली कबुली पुरावा म्हणून ग्राह्य धरता येते. उत्तर प्रदेशने वेगळी वाट धरली. मे १९९८ मध्ये श्रीप्रकाश शुक्ल याच्या शोधासाठी विशेष कृती दल स्थापन झाले आणि सप्टेंबरमध्ये तो गाझियाबादजवळ चकमकीत मारला गेला. चकमकीने एक गुंड संपतो. त्याला शस्त्र कोणी दिले, ठेका कोणी दिला, आश्रय कोणी दिला, ही माहितीही त्याच्यासोबतच संपते.

साक्षीदाराला संरक्षण देणारी देशव्यापी योजना सर्वोच्च न्यायालयाने मंजूर केली, ती ५ डिसेंबर २०१८ रोजी. कृष्णानंद राय खटल्यात तोवर उशीर झाला होता. जुलै २०१९ मध्ये दिल्लीच्या विशेष न्यायालयाने मुख्तारसह सर्व आरोपींना निर्दोष सोडले. अनेक साक्षीदार फिरले होते. खटला चालू असताना साक्षीदारांना संरक्षण योजनेचा लाभ मिळाला असता, तर निकाल कदाचित वेगळा लागला असता, असे निरीक्षण न्यायालयाने निकालातच नोंदवले. भारतीय न्यायालयाने स्वतःच्या निकालाबद्दल लिहिलेली इतकी खिन्न ओळ क्वचितच वाचायला मिळते.

अवधेश राय खटल्याची गोष्ट त्याहून विलक्षण. मूळ केस डायरीच गहाळ झाल्याचे २०२२ मध्ये उघड झाले. उपलब्ध छायाप्रतींच्या आधारे सुनावणी पुढे नेण्यात आली. प्रत्यक्षदर्शी अजय राय आपल्या साक्षीवर ठाम राहिले आणि ५ जून २०२३ रोजी, घटनेनंतर जवळपास ३२ वर्षांनी, वाराणसीच्या न्यायालयाने मुख्तारला जन्मठेप सुनावली. स्वतः आमदार राहिलेल्या माणसाला इतका काळ लागला. सामान्य साक्षीदाराचे काय होत असेल, याचे उत्तर सिकरौरा प्रकरणात आहे. त्या रात्री पती, दीर आणि मुले गमावलेल्या महिलेने तीन दशकांहून अधिक काळ न्यायालयाच्या पायऱ्या झिजवल्या. ऑगस्ट २०१८ मध्ये वाराणसीच्या सत्र न्यायालयाने ब्रिजेश सिंहला निर्दोष ठरवले. तिने अपील केले. नोव्हेंबर २०२३ मध्ये अलाहाबाद उच्च न्यायालयाने ब्रिजेशची निर्दोष मुक्तता कायम ठेवली. मात्र पूर्वी सुटलेल्या अन्य चौघांना दोषी धरून जन्मठेप दिली. घटनेला तेव्हा ३७ वर्षे उलटली होती.

पडद्यावर काय उरते

२०१८ मध्ये आलेल्या ‘मिर्झापूर’ने आणि २०२० मधील ‘रक्तांचल’ने पूर्वांचलाची ही प्रतिमा देशभर पोहोचवली. ‘रक्तांचल’ तर १९८० च्या दशकातील निविदांच्या युद्धावरच उभी आहे. यापूर्वी ‘सहर’ या २००५ च्या चित्रपटाने श्रीप्रकाश शुक्ल आणि कृती दलाची कथा पोलिसांच्या बाजूने सांगितली होती. संयत हाताळणीमुळे तो आजही लक्षात राहतो, पण प्रेक्षकांनी उचलले ते इतर मालिकांमधील संवाद आणि मिशा. वाराणसीतील चहाच्या टपरीवर ‘भौकाल’ हा शब्द आज विनोदाने वापरला जातो. त्याचा अर्थ दरारा. तीस वर्षांपूर्वी तो विनोदाने वापरणे शक्य नव्हते.

गुन्हेगारांना नायक केल्याची टीका इटलीतही ‘रोमान्झो क्रिमिनाले’वर झाली. ती पूर्ण निराधार नाही. तरुण, देखणे, एकमेकांसाठी जीव देणारे मित्र पाहताना प्रेक्षक त्यांच्या बाजूला झुकतोच. तरी दे कताल्दो यांच्या कथेत तपास अधिकारी पहिल्या प्रकरणापासून शेवटपर्यंत हजर आहे आणि टोळीचा हिशेब कसा चालतो हे बारकाईने दाखवले आहे. पूर्वांचलावरील बहुतेक मालिकांत हिशेब दिसत नाही. निविदा म्हणजे काय, तिची पेटी कोण उघडतो, बिलावर सही कोण करतो, हे त्यांत जवळजवळ नाही. अधिकारी येतो तो घाबरण्यापुरता. आणि सिकरौराच्या त्या महिलेसारखे पात्र कोणत्याही मालिकेच्या मध्यभागी नाही, हे नमूद करायला हवे. न्यायालयातील तारखांना गोळीबाराचा वेग नसतो, हे त्याचे व्यावसायिक कारण असू शकेल.

आता निविदा संगणकावर भरल्या जातात. लिफाफ्यांची पेटी गेली, तिच्याबाहेर उभ्या राहणाऱ्या गाड्याही गेल्या. ठेका मिळाल्यानंतरची वाटाघाटी संगणकाला दिसत नाही. २०१७ नंतर उत्तर प्रदेश सरकारने मालमत्ता जप्तीची आणि बांधकामे पाडण्याची मोठी मोहीम चालवली. समर्थकांना ती धाक बसवणारी वाटते. न्यायालयाच्या निकालाआधी घर पाडण्यावर आक्षेप घेणाऱ्यांची संख्याही मोठी आहे. मुख्तारला पहिली शिक्षा सप्टेंबर २०२२ मध्ये झाली. त्यानंतरच्या दीड वर्षात एकूण आठ प्रकरणांत तो दोषी ठरला. शेवटची जन्मठेप १३ मार्च २०२४ रोजी, बनावट शस्त्र परवान्याच्या प्रकरणात, वाराणसीच्याच न्यायालयाने दिली. पंधरा दिवसांनी, २८ मार्च रोजी, बांदा येथील रुग्णालयात हृदयविकाराच्या झटक्याने त्याचा मृत्यू झाल्याचे जाहीर झाले. कुटुंबीयांनी विषप्रयोगाचा आरोप केला आणि प्रशासनाने तो फेटाळला.

ब्रिजेश सिंह ऑगस्ट २०२२ मध्ये उच्च न्यायालयाच्या जामिनावर बाहेर आला. जामीन मिळाला तो उसरी चट्टीच्या प्रकरणात. त्या खटल्यात मुख्तार अन्सारी आरोपी नव्हता. फिर्यादी आणि सर्वांत महत्त्वाचा साक्षीदार होता. त्याच्या मृत्यूच्या वेळी, हल्ल्याला २२ वर्षे उलटून गेल्यानंतरही, खटला गाझीपूरच्या न्यायालयात चालूच होता.